‘बहुगुणी’ नव्हे, ‘बहुगुणित’

प्रश्न : रानस्ट्रॉबेरीच्या उगमावरचा लेख मराठीत आणताना ‘पॉलिप्लॉइड’ला ‘बहुगुणी’ आणि ‘जीनोम सिक्वेन्सिंग’ला ‘जनुकांची क्रमवारी लावणे’ चालेल का?

दोन्ही टाळा. बहुगुणी म्हटले की हळद आठवते, आवळा आठवतो. संस्कृतात गुण म्हणजे दोरीचा पदरही. त्यावरून द्विगुण म्हणजे दुपदरी, दुप्पट. लग्नपत्रिकेतला आनंद ‘द्विगुणित’ होतो तो याच अर्थाने. ग्रीकमधून आलेल्या ‘प्लॉइड’मध्येही पट हाच अर्थ आहे, म्हणून ‘बहुगुणित’ चपखल. (‘गुणसूत्रा’तला गुण मात्र गुणधर्माचा; घोटाळा होतो तो तिथे.)

पट कशाची, तर पेशीतल्या गुणसूत्रांच्या संचांची. स्ट्रॉबेरीच्या एका संचात ७ गुणसूत्रे. फ्रॅगेरिया व्हेस्का ही रानजात द्विगुणित, म्हणजे १४. चिली आणि व्हर्जिनिया या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या रानजाती अष्टगुणित, म्हणजे ५६. त्यांच्या संकरातून अठराव्या शतकात युरोपात झालेली, आज महाबळेश्वरहून मंडईत येणारी स्ट्रॉबेरीही ५६ चीच. तिच्या परागकणात निम्मी, म्हणजे २८ असतात; त्यांना मूळ संच समजू नका. त्यात ४ संच आहेत.

आता क्रमवारी. ती विस्कटलेल्या गोष्टींची लावतात. इथे क्रम आधीच आहे, तो फक्त वाचायचा, म्हणून ‘क्रमनिर्धारण’. ‘जनुकांचे’ही नको, कारण जनुकांबाहेरचा डीएनएही वाचला जातो. जीनोम म्हणजे हा सगळा डीएनए, तेव्हा ‘जीनोमचे क्रमनिर्धारण’ लिहा.

डीएनए वाचला जातो तो तुकड्यातुकड्यांनी; ते तुकडे सांधण्याला ‘जुळणी’ म्हणा. बहुगुणित वनस्पतीत खरी अडचण इथेच येते. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवा : पोथ्या अनेक, मजकूर जवळपास तोच, फरक पाठभेदांचा. अशा आठ पोथ्यांची पाने फाडून एकत्र केली आणि पाठभेद न पाहता जोडली, तर कुठल्याच पोथीत नसलेला मजकूर तयार होतो. वेगवेगळ्या संचांतले सारखे तुकडेही तसेच एकमेकांना चिकटतात. एक प्रमुख उपाय : अनेक पाठभेद एकाच तुकड्यात येतील इतके लांब तुकडे वाचणे. या अडचणीमुळेच व्हेस्काचा सुमारे २४ कोटी डीएनए-अक्षरांचा जीनोम २०११ मध्ये आला, पण लागवडीच्या स्ट्रॉबेरीचा, सुमारे ८० कोटींचा, गुणसूत्रांपर्यंत नीट जुळलेला जीनोम यायला २०१९ उजाडले.

उगमासाठी जोडी वापरा : एकाच जातीचे संच वाढले तर ‘स्वबहुगुणित’, संकरातून वेगळ्या जातींचे एकत्र आले तर ‘परबहुगुणित’. २०१९ च्या संशोधनाने चार द्विगुणित पूर्वज सुचवले. त्यांतले व्हेस्का आणि इइनुमाए सर्वमान्य आहेत, उरलेल्या दोघांवर वाद आहे. तेव्हा अनुवादात ‘चार पूर्वज सिद्ध झाले’ असे लिहू नका.