सिगारेटच्या गावात मुलीला पाठवावं का?

प्रश्न : मुलगी बायोमेडिकल इंजिनीअर झाली आहे. एम.एस.साठी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमला, वेक फॉरेस्ट विद्यापीठात प्रवेश मिळालाय. नातेवाईक म्हणतात, ते सिगारेटचं गाव, तिथे कसलं भविष्य? कर्ज काढावं का?
– एक पालक, निपाणी

उत्तर : निपाणीकरांनी तंबाखूच्या गावाला बिचकावं, ही गंमतच! नातेवाईक खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांची माहिती जुनी आहे. आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू उद्योजकाने तिथे 1875 मध्ये कारखाना काढला. ‘कॅमल’ तिथलीच; ‘विन्स्टन’ आणि ‘सेलम’ या सिगारेटींना तर नावंच शहराची. 1986 मध्ये जवळच्या टोबॅकोव्हिलला नवा कारखाना झाला आणि पुढे शहरातल्या जुन्या इमारती ओस पडल्या. आज तिथे ‘इनोव्हेशन क्वार्टर’ ही संशोधनाची आणि कंपन्यांची वसाहत आहे. जुन्या वीजघराची धुराडी तशीच उभी आहेत आणि तंबाखूच्या कारखान्यात वेक फॉरेस्टचं मेडिकल स्कूल भरतं. प्रयोगशाळेत ऊती आणि अवयव वाढवण्यावर काम करणारी डॉ. अँथनी अटाला यांची संस्थाही याच शहरात. मुलीच्या विषयाला गाव मोक्याचं आहे.

माझी काळजी पैशांची. प्रवेशपत्र पुन्हा वाचा : असिस्टंटशिप, म्हणजे विभागातच शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम, आहे का? फी माफ आणि वर विद्यावेतन, की नुसता प्रवेश? विद्यापीठ खासगी आहे, फी चांगलीच बसते. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं. त्यात किराणा निघेल, फी नाही. असिस्टंटशिप नसेल तर मुलीने आजच विभागाला आणि दोन-तीन प्राध्यापकांना ईमेल करावी. नकारच आला, तर घर किंवा शेत तारण ठेवून जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोकरीचं म्हणाल तर शहरात मोठी रुग्णालयं आहेत, पण तिच्या क्षेत्रातल्या कंपन्यांची खरी गर्दी रॅले-डरहॅमच्या रिसर्च ट्रँगलमध्ये, शंभराहून जास्त किलोमीटरवर. (डरहॅमही तंबाखूचंच गाव, हे नातेवाइकांना सांगू नका.) गाडीशिवाय तिथे अडतं, तो खर्च धरा. पदवीनंतर सध्या एक वर्ष आणि तिच्या शाखेसाठी आणखी दोन वर्षं काम करता येतं. हे नियम बदलू शकतात, त्यांच्या भरवशावर कर्जाचा हप्ता ठरवू नका.

तिथे दुसऱ्या वर्षाला असलेल्या भारतीय मुलांशी तिला बोलू द्या. उन्हाळ्यात इंटर्नशिप कुठे मिळाली, हे ती विचारेल. घरभाडं तुम्ही विचारा.