गरम पाण्यात मिथेनचे रेणू एकमेकांना जास्त का धरतात?

प्रश्न: मी पुण्यात एमएस्सी केमिस्ट्री करतेय. सर म्हणाले, पाण्यातल्या दोन मिथेन रेणूंमधलं हायड्रोफोबिक आकर्षण (म्हणजे पाण्यात न मिसळणारे रेणू पाण्यात एकत्र येण्याची ओढ) तापमान वाढलं की वाढतं. पण उष्णतेनं तर सगळंच सुटं व्हायला हवं ना? काही केल्या पटत नाहीये. – एक वाचक, कोथरूड

उत्तर: सर बरोबर सांगतायत, आणि तुम्हाला पटत नाहीये त्याचं कारण असं की आपण सगळं लक्ष मिथेनवर ठेवतो. मिथेन-मिथेनमधली व्हॅन डर वाल्स ओढ (रेणूंमधलं थेट, कमकुवत आकर्षण) अगदीच किरकोळ, खरा कारभार पाण्याचा असतो. मिथेनशी हायड्रोजन बंध (पाण्याचे रेणू एकमेकांना ज्यांनी धरून ठेवतात ते दुवे) होत नाहीत, मग त्याच्याभोवतीचे पाण्याचे रेणू आपले आपापसातले बंध टिकवायला ठराविक दिशांनाच तोंड करून राहतात, थोडक्यात त्यांचं स्वातंत्र्य जातं म्हणजे एन्ट्रॉपी कमी होते. दोन मिथेन शेजारी आले की दोघांना मिळून घेरायला पाणी कमी लागतं, उरलेलं मोकळं होतं आणि एन्ट्रॉपी वाढते. आता ΔG = ΔH − TΔS लिहून बघा (ΔG म्हणजे मुक्त ऊर्जेतला बदल, तो जितका ऋण तितकं एकत्र येणं सोयीचं; ΔH उष्णतेतला बदल, ΔS एन्ट्रॉपीतला, T तापमान): इथे ΔS धन आहे आणि त्याला T नं गुणलंय, म्हणून तापमान चढेल तसा ΔG आणखी ऋण होतो, बस्स.

१९४५ साली फ्रँक आणि इव्हान्स या शास्त्रज्ञांनी पाण्याच्या या वेढ्याला हिमनगाची उपमा दिली होती, पण मिथेनभोवती खराखुरा बर्फ जमतो असं कृपा करून समजू नका. वेढा तापवला की तोही सैल पडतो, त्यामुळे हा फायदा हळूहळू आटत जातो, म्हणून हे वाढणं कायमचं नसतं. हायड्रोकार्बन पाण्यात जाताना होणारा एन्ट्रॉपीचा बदल साधारण ११० अंश सेल्सिअसच्या आसपास शून्यावर येतो आणि त्यापुढे गणित उलटं फिरतं.

उलट दिशेचा पुरावा मला जास्त आवडतो: काही प्रथिनं खूप थंड केली की उलगडतात, कारण त्यांना आतून बांधून ठेवणारा हाच परिणाम थंडीत दुबळा होतो.

आणि हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लॅबमध्ये मिथाइल सेल्युलोज मागा. त्याचं थंड द्रावण पातळ असतं, तापवत गेलात की साधारण ५०-६० अंशांच्या आसपास जेल होतं आणि गार केलं की परत पातळ. रेणूवरचे मिथाइल गट (मिथेनसारखेच छोटे तुकडे) गरम पाण्यात एकमेकांना धरतात म्हणून हे होतं, फक्त पावडर आधी गरम पाण्यात ढवळून मग गार करा, थेट थंड पाण्यात टाकलीत तर गुठळ्या होतील.