आई म्हणते नजर लागली, पट्टी म्हणते सॅम

प्रश्न : ताई नमस्कार, मी मूळची लातूरकडची, चार महिन्यांपूर्वी मेळघाटात धारणी तालुक्यात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणून रुजू झाले. इथं एक दीड वर्षाचं कोरकू आदिवासी बाळ आहे, दंडाचा घेर मोजायची पट्टी लाल दाखवते, अगदी १०.८ सेंमी, म्हणजे सॅम, तीव्र कुपोषण, पण आई म्हणते नजर लागलीय आणि भूमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे, नेते. दवाखान्याचं नाव काढलं की आत जाऊन बसते. २०२५ मध्ये इथल्याच २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर विळा तापवून ६५ चटके दिल्याची बातमी वाचली तेव्हापासून भीतीच बसलीय. या लोकांना समजवायचं तरी कसं?

उत्तर : अगं, तुझी तळमळ कळते, पण 'या लोकांना' हे आधी तोंडातून काढून टाक, ते त्यांना बरोबर ऐकू येतं.

आता त्या आईच्या जागी बसून बघ. तिच्या ओट्यावर खेळणारी सगळीच पोरं बारीक, तिचं पोरगं त्यातलंच एक, मग आजार कुठे दिसणार? ११.५ सेंमीच्या खाली धोका ही आपली रेघ आहे, तिची नाही. तिला दिसतं ते ताप, हगवण, रात्रभर रडणं, आणि टम्म फुगलेलं पोट. म्हणून तर डंबा, म्हणजे तो तापवलेला चटका, पोटावरच देतात. ती आई क्रूर नसते गं, पोराच्या पोटातलं दुखणं निघून जावं म्हणून ती स्वतः रडत रडत त्याला धरून बसलेली असते. आणि पायावर सूज आली तर उलटंच, बाळ भरलं असं घरच्यांना वाटतं, आपल्या दृष्टीने तेव्हा ते सगळ्यात जास्त धोक्यात असतं.

मी नोकरीच्या पहिल्या वर्षी दवाखान्यात एका आईला सगळ्यांसमोर विचारलं होतं, पोराला खायला देत नाहीस का? ती काहीच बोलली नाही, फक्त पदर ओढून बाळाचे पाय झाकले. सकाळी खाट रिकामी. पोराला उपाशी ठेवते असं मी तिला म्हणाले होते आणि ते मला तेव्हा कळलंही नाही, आजही ते झाकलेले पाय डोळ्यासमोर येतात.

भाषेचं पण बघ. कोरकू ही मराठी-हिंदीच्या घरातली भाषाच नाही, मुंडा कुळातली आहे, त्यामुळे आपलं 'पोषण', 'आहार' सगळं डोक्यावरून जातं. भूमका तिच्या भाषेत बोलतो, रात्री दोनला पण दार उघडतो, ओरडत नाही. आपण तिला एनआरसीत, म्हणजे कुपोषित बाळांच्या पोषण पुनर्वसन केंद्रात, १४ दिवस राहा म्हणतो, मग घरची दोन पोरं कोण बघणार, मजुरीचं काय? तिथे राहिल्याबद्दल बुडीत मजुरी मिळते हे तिला कुणी नीट सांगितलं का, ते आधी विचार. शिवाय होळी झाली की घरंच्या घरं कामाला बाहेर पडतात, बाळही जातं आणि आपल्या रजिस्टरमधून नाव सुटतं.

म्हणून उद्या जाशील तेव्हा पट्टी पिशवीतच ठेव. कोरकू बोलणारी आशाताई बरोबर घे, ओट्यावर बस, बाळ कधीपासून असं झालं ते तिला सांगू दे. नजर लागली म्हणाली तर खोडू नकोस, नजर भूमका उतरवेल आणि ताकद आपण भरू असं म्हण, मग पट्टी तिच्याच हातात देऊन आधी शेजारच्या धडधाकट पोराच्या दंडाला आणि मग तिच्या बाळाला लावायला सांग. लाल तिला स्वतःला दिसू दे. नंतर भूमकाला जाऊन भेट, खाली बसून, मान देऊन. पोटाला चटका नको एवढं मात्र स्पष्ट बोल, तिथे मागे हटायचं नाही, पण बाळ आधी दवाखान्यात पाठवा ही विनंतीही कर. मेळघाटात भूमकांना सोबत घेऊन पेशंट दवाखान्यापर्यंत आणायचे प्रयत्न झालेत, पाठवलेल्या पेशंटमागे मानधनही दिलं गेलंय, त्यामुळे हे काही मी हवेत बोलत नाही.

एका वेळी मात्र थांबायचं नाही. बाळ काहीच खात नसेल, दोन्ही पावलांवर सूज असेल, अंग गार लागत असेल, हाक मारली तरी डोळे उघडत नसेल तर १०८ लाव आणि आईबरोबर तू स्वतः गाडीत बस. घरी कुणाला एकदम पोटभर वरचं दूध पाजू देऊ नकोस, अशा बाळाला ते झेपत नाही, दवाखान्यात म्हणूनच दर दोन तासांनी मोजून थोडं थोडं देतात. हे कारण आईला वाटेतच सांग, नाहीतर तिथे पोचल्यावर तिला वाटेल की दवाखान्यातच माझ्या पोराला उपाशी ठेवतायत, आणि तीही रात्रीच निघून जाईल.