वाचकांचे प्रश्न : युरोपच्या इतिहासासाठी काय वाचावे?

प्रश्न : मी वणी तालुक्यातील एका खेड्यात राहते. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेसाठी मी इतिहास हा वैकल्पिक विषय मराठी माध्यमातून घेतला आहे. क्लास लावणे घरच्या परिस्थितीत शक्य नाही. युरोपच्या इतिहासावरची पाच पुस्तके आणि कुणाकडून मिळालेल्या झेरॉक्स नोट्स माझ्याजवळ आहेत. परंतु त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. काय ठेवावे आणि काय सोडावे?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : पाचही पुस्तके आठवडाभर बाजूला ठेवा. २५० गुणांच्या दुसऱ्या पेपरमधील जगाच्या इतिहासाचा अभ्यासक्रम स्वतःच्या हाताने मराठीत उतरवून घ्या आणि आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत मिळणाऱ्या जुन्या प्रश्नपत्रिकांतील प्रत्येक प्रश्न त्या त्या मुद्द्यासमोर लिहा. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते आणि उत्तर तुम्हाला मराठीत लिहायचे आहे, म्हणून हे उतरवून काढणे हाच अभ्यासाचा पहिला भाग समजा.

त्यानंतर पाचही पुस्तकांतून जर्मनीच्या एकीकरणाचे एकच प्रकरण वाचा. प्रशिया या जर्मन राज्याचा पंतप्रधान बिस्मार्क याच्या ‘रक्त आणि लोखंड’ (म्हणजे युद्धबळाच्या) धोरणाचे कौतुक करून जे पुस्तक थांबते, ते तुमच्या उपयोगाचे नाही. प्रशियाच्या पुढाकाराने १८३४ मध्ये सुरू झालेला जर्मन राज्यांचा जकात संघ, एकीकरणाचा १८४८ चा फसलेला प्रयत्न, डेन्मार्क (१८६४), ऑस्ट्रिया (१८६६) आणि फ्रान्स (१८७०-७१) यांच्याशी झालेली युद्धे यांची कारणे जोडून जे सांगते, तेच मुख्य पुस्तक म्हणून ठेवा, कारण परीक्षेत ‘केव्हा’पेक्षा ‘का’ अधिक विचारले जाते. दुसरे एक पुस्तक संदर्भापुरते जवळ असू द्या. उरलेली तीन एखाद्या गरजू मैत्रिणीला द्यावीत, असे मला मनापासून वाटते.

मेळ न बसणे ही प्रत्येक वेळी चूकच असते असे नाही. रशियन क्रांती एका पुस्तकात ऑक्टोबरमध्ये आणि दुसऱ्यात नोव्हेंबरमध्ये दिसली, तर दोन्ही बरोबर आहेत. रशियातील तेव्हाची जुनी दिनदर्शिका तेरा दिवस मागे असल्याने तिथला २५ ऑक्टोबर १९१७ हा इतरत्र ७ नोव्हेंबर होता. मात्र पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्याची तारीख २८ जून १९१९ खेरीज दुसरी दिलेली आढळली, तर त्या नोट्सवर विसंबू नका.

पायाभरणीसाठी एनसीईआरटीची नववी आणि दहावीची इतिहासाची पुस्तके हिंदीतही विनामूल्य मिळतात. इग्नू या मुक्त विद्यापीठाचे आधुनिक युरोपवरील साहित्य त्याच्या ईज्ञानकोश या संकेतस्थळावर आहे, आणि मराठी परिभाषेसाठी मराठी विश्वकोशातील नोंदी फार मोलाच्या आहेत. गावात रेंज नसेल, तर वणीच्या बाजाराला जाल तेव्हा प्रकरणे मोबाइलमध्ये उतरवून आणा.

औद्योगिक क्रांती वाचताना आपल्या भागाचा कापूस विसरू नका. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडमधील लँकेशायरच्या (मँचेस्टर परिसरातील) कापड गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाची मागणी वाढली. आपल्या शिवारातून मँचेस्टरकडे पाहिले की वसाहतवादाचे अर्थकारण पाठ करावे लागत नाही.

१८१५, १८७१ आणि १९१९ चे युरोपचे नकाशे न पाहता काढता येईपर्यंत काढा. दर रविवारी घड्याळ लावून दोन उत्तरे लिहा आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकांना ती तपासून देण्याची विनंती करा.