डब्याची किंमत आणि खेळाची किंमत

नवा गेमिंग कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळ खेळायचं यंत्र, बाजारात आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतली निम्मी 'घेऊ का?' अशी असतात, उरलेली 'एवढा महाग का?' अशी. यावेळी दोन्ही प्रकारची पाच पत्रं घेतली आहेत.

मुलाला दहावीनंतर प्लेस्टेशन ५ द्यायचं कबूल केलंय. आत्ता घ्यावा की वर्षभर थांबावं? टीव्हीसारखी याचीही किंमत उतरेलच ना? (सांगली)

पंधरा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर डोळे झाकून 'थांबा' म्हटलं असतं. सोनीचा प्लेस्टेशन ३ अमेरिकेत नोव्हेंबर २००६ मध्ये आला तेव्हा ६० जीबीचं मॉडेल ५९९ डॉलरला होतं. तीन वर्षांच्या आत त्याची सडपातळ आवृत्ती २९९ ला मिळायला लागली. चिप दर दोन-तीन वर्षांनी लहान व्हायची, त्यासोबत स्वस्तही व्हायची, आणि कंपनी त्यातला थोडा वाटा गिऱ्हाइकाला द्यायची.

तो काळ गेला. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. अमेरिकेत ४९९ डॉलरचा ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ झाला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सची तर एकाच वर्षात, २०२५ मध्ये, दोनदा वाढ होऊन किंमत ४९९ वरून ६४९ डॉलरवर गेली. पाच वर्षं जुनं यंत्र, नवं होतं तेव्हापेक्षा महाग! चिप आता लहान झाली तरी पूर्वीसारखी स्वस्त होत नाही, येन घसरला, आणि अमेरिकेने आयातीवर जबर शुल्क लावलं. तेव्हा किंमत उतरण्याची वाट बघू नका. सणासुदीला काही हजारांची सूट लागते, तेवढी गाठा.

आणि डिस्कवालाच घ्या. बिनडिस्कचा डिजिटल दहा हजारांनी स्वस्त दिसतो, पण डिस्क घालायच्या फटीची खरी किंमत दहा हजारांहून जास्त आहे. ती फटच नसली की खेळ फक्त सोनीच्याच ऑनलाइन दुकानातून घ्यावा लागतो. मित्राची 'सीडी' आणणं बंद, खेळून झालेली विकणंही बंद. पाच हजारांची डिस्क महिन्याभरात खेळून तीन हजारांना विकणारी मुलं मी ओळखतो. असे चार खेळ झाले की दहा हजार वसूल. दहावीचा निकाल लागलेला मुलगा चार खेळांवर थांबेल, असं तुम्हाला वाटतं का?

कंपन्या कन्सोल तोट्यात विकतात असं वर्गात सरांनी सांगितलं. तोट्यात विकून धंदा कसा होतो? (नाशिक, बी.कॉम.)

सर बरोबर सांगतात, पण अर्धंच. स्वस्तात इंकजेट प्रिंटर घरी आणणाऱ्याला हे गणित महागडी शाई दुसऱ्यांदा भरताना कळतं.

खेळ बनवणारी एपिक आणि ॲपल या कंपन्यांच्या खटल्यात मे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांनी शपथेवर सांगितलं की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. पुढच्या वर्षी एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी आकडाच दिला: नगामागे १०० ते २०० डॉलर पदरचे जातात. आता वही काढा. कन्सोलच्या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या खेळातले साधारण ३० टक्के कंपनी ठेवते. ७० डॉलरच्या खेळामागे २१ डॉलर झाले. २०० डॉलरचा खड्डा बुजायला दहा खेळ लागतात. गिऱ्हाईक एक-दोन खेळांवर थांबलं, तर कंपनी बुडाली. म्हणूनच सगळा भर खेळांच्या मासिक वर्गणीवर असतो.

यातली मेख अशी की, तोटा त्यानेच सोसावा ज्याच्या हातात खेळांचा गल्ला आहे. १९९३ मध्ये ट्रिप हॉकिन्स यांच्या कंपनीने थ्रीडीओ नावाचा कन्सोल आणला. यंत्राचा आराखडा त्यांचा, बनवणार आणि विकणार पॅनासोनिक. खेळ तयार करणाऱ्यांकडून दर प्रतीमागे अवघे तीन डॉलर घ्यायचे ठरलं, म्हणून तेही खूश. पण खेळांच्या विक्रीतून पॅनासोनिकला काय? म्हणून तिने आपला नफा यंत्रावरच लावला आणि किंमत गेली ६९९ डॉलरवर. तीनेक वर्षांत दुकान बंद. माझ्या मते कन्सोलच्या किमतीचा अख्खा अभ्यासक्रम या एका फजितीत मावतो.

सरांचं राहिलेलं अर्धं असं: सगळेच तोट्यात विकत नाहीत. जपानच्या निन्टेन्डोने नोव्हेंबर २००६ मध्ये वी हा कन्सोल २५० डॉलरला आणला, आणि आतली चिप मुद्दाम जुन्या धाटणीची ठेवून पहिल्या दिवसापासून यंत्रावरही कमावलं. त्याच महिन्यातला ५९९ डॉलरचा प्लेस्टेशन ३ आठवा. तो बनवायला सोनीला ८४० डॉलरच्या आसपास खर्च येतो, असा आयसप्लाय या संस्थेचा अंदाज होता. म्हणजे दुप्पट महाग विकूनही नुकसानीत सोनीच.

आतेभाऊ न्यू जर्सीहून येतोय. तिथून प्लेस्टेशन मागवला तर बराच स्वस्त पडेल ना? (डोंबिवली)

२०२१ साली पडला असता. ४९९ डॉलर अधिक न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर मिळून ५३२ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने ३९ हजारांच्या आसपास. इथे ४९,९९०. तिकडची छापील किंमत कर सोडून असते, आपली एमआरपी १८ टक्के जीएसटी आणि आयात शुल्क पोटात घेऊन येते. हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र तोच हिशोब ५४९ डॉलर अधिक कर, म्हणजे साधारण ५८५ डॉलर असा झाला. तेव्हाचा ८८ रुपयांचा डॉलर धरला तर एकावन्न-बावन्न हजार. तीनेक हजारांसाठी भावाच्या बॅगेतली चार-पाच किलोंची जागा अडवायची आणि इथली वॉरंटी सोडायची? त्यापेक्षा त्याला बदाम आणायला सांगा.

देशोदेशी किंमत वेगळी ठेवायची तर माल इकडचा तिकडे जाऊ नये हेही कंपनीला बघावं लागतं. निन्टेन्डोने जून २०२५ मध्ये स्विच २ आणताना ते भाषेचं कुलूप लावून केलं. जपानमध्ये फक्त जपानी भाषेत चालणारा कन्सोल ४९,९८० येनला, आणि सगळ्या भाषांचा ६९,९८० येनला. यंत्र तेच. वीस हजार येन केवळ भाषेचे.

पहिल्याच दिवशी रांग लावणारे मूर्ख असतात का? (कोल्हापूर)

तसं म्हटलं तर मीही आलो त्यात. १२ जानेवारी २०२१ ला भर दुपारी बाराला प्लेस्टेशन ५ चं बुकिंग उघडलं. जेवणाचं ताट बाजूला सारून बसलो होतो. पैसे भरायच्या पानावर कार्डाचा नंबर टाकेपर्यंत माल संपला.

खरं दुःख निन्टेन्डोचा थ्रीडीएस हा हातात धरून खेळायचा कन्सोल आधी घेणाऱ्यांचं. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत २५० डॉलरला आला, पाच महिन्यांत १७० डॉलर झाला. आधी घेतलेल्यांना कंपनीने वीस जुने खेळ फुकट दिले, आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. एवढी लाज बाळगणारा दुसरा अध्यक्ष या धंद्यात मला तरी आठवत नाही.

कंपन्या एकमेकींची किंमत बघून आपली ठरवतात का? (पणजी)

बघून तर ठरवतातच, शक्य झालं तर दुसरीला आधी बोलू देतात. मे १९९५, लॉस एंजेलिसचं ई३ हे व्हिडिओ गेम्सचं प्रदर्शन. सेगा या कंपनीने आपला सॅटर्न हा कन्सोल ३९९ डॉलरला जाहीर केला, आणि आजपासूनच दुकानात आहे म्हणून सांगितलं. नंतर पहिल्या प्लेस्टेशनची किंमत सांगायची सोनीची पाळी. सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, हातातले कागद पोडियमवर ठेवले, 'दोनशे नव्व्याण्णव' एवढंच म्हणाले आणि परत जाऊन बसले. भाषण संपलं! सॅटर्न त्यातून अमेरिकेत कधी सावरला नाही.

जून २०१३ मध्ये त्याच शहरात पुन्हा तेच. सकाळी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला सांगितला, संध्याकाळी सोनीने प्लेस्टेशन ४ ३९९ ला. मधले शंभर डॉलर कायनेक्ट नावाच्या कॅमेऱ्याचे होते. तो प्रत्येक खोक्यात सक्तीने घातलेला, आणि फारसा कुणी मागितलेला नव्हता. वर्षभरातच मायक्रोसॉफ्टने तो बाहेर काढला आणि एक्सबॉक्सही ३९९ ला विकायला ठेवला.