लेक सांगते ते खरं आहे, कझाकस्तानात वाघ होते

प्रश्न : माझी मुलगी अल्माटीला एमबीबीएस करतेय, सेकंड इयर. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली की आई, इथे पूर्वी वाघ होते आणि आता परत आणतायत. मी म्हटलं अगं तिथे बर्फ पडतो, तुझे स्वेटर पुरत नाहीत आणि वाघ कुठून, कोणीतरी तुला फेकलंय. आमच्याकडे हे पण म्हणतात वाघ म्हणजे आपल्याकडेच. काय खरं? – एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, आधी लेकीला फोन लावा आणि सॉरी म्हणा. तिच्या बाबांना सांगा की राष्ट्रीय प्राणी आपला आहे म्हणून वाघ काही फक्त आपल्या नावावर नाही.

त्याला कॅस्पियन वाघ म्हणतात, तुमची मुलगी आहे तिथले लोक वाघाला झोलबारिस म्हणतात, विचारा तिला. पूर्व तुर्कस्तान, कॉकेशस, उत्तर इराणमधलं माझंदरान, मग तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, कझाकस्तान करत पार चीनच्या शिनजियांगपर्यंत तो होता. नकाशावर बघितलं की वाटतं बापरे केवढा एरिया, पण मधलं कितीतरी वाळवंट नाहीतर उघडा माळ, तिथे वाघ करणार काय, त्याला पाणी पाहिजे, लपायला आडोसा पाहिजे आणि खायला रानडुक्कर पाहिजे, आणि मध्य आशियात हे तिन्ही एकत्र मिळायचं ते मुख्यतः नदीकाठी. अमू दर्या, सिर दर्या, इली या नद्यांच्या कडेने माणूस दिसेनासा होईल एवढ्या उंच बोरूची बनं आणि झाडोरा, त्याला तिकडे तुगाई म्हणतात, हा वाघ त्या पट्ट्यातला. तुम्ही ऐरोलीच्या म्हणून सांगते, खाडीला लागून तिवरं कशी आहेत, एकीकडे पाणी एकीकडे बिल्डिंगा आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत कोल्हा राहतो, साधारण तसं. आणि थंडीचं म्हणाल तर हिवाळ्यात त्याची फर चांगली दाट व्हायची, स्वेटर घरचाच.

मग गेला कसा, तर सगळे शिकारीवर ढकलतात, मला ते अर्धंच वाटतं. झारच्या काळात सैनिकांना वाघ मारायला लावायचे, वर बक्षीस, हे खरंच आहे. पण १९४७ ला सोव्हिएत सरकारने वाघाच्या शिकारीवर बंदी घातली तरी वाघ काही परत वाढला नाही, कारण तोपर्यंत नदीकाठ कापसाखाली जात होता, बोरू जाळून शेतं, नदीचं पाणी कालव्यांना (पुढे अरल समुद्र आटला तो याच कापसापायी), बोरू गेला की डुक्कर गेलं आणि डुक्कर गेलं की वाघ. ताजिकिस्तानात १९३८ ला तिग्रोवाया बाल्का नावाचं अभयारण्य केलं, नावातच वाघ, तुगाई तिथे अजून आहे आणि २०२३ ला जागतिक वारसा यादीत पण गेली, वाघ मात्र १९५० च्या दशकातच संपला. तुर्कस्तानात उलुदेरे भागात १९७० ला एक मारला गेला, फोटो आहे तो फक्त कातडीचा.

आता परत आणण्याचं. २००९ ला संशोधकांनी म्युझियममधल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए तपासला तर रशियातल्या सायबेरियन वाघाशी तो जवळपास तंतोतंत जुळला, आईकडून येणाऱ्या डीएनएत एका अक्षराचा फरक! म्हणजे घराणं एकच, एक फांदी तुटली. म्हणून कझाकस्तानने बल्खाश सरोवराजवळ इली नदीच्या मुखाशी २०१८ ला राखीव क्षेत्र केलं, तिथे आधी बुखारा हरणं सोडायला घेतली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये नेदरलँड्सहून सायबेरियन वाघांची एक जोडी आणली, बोधना आणि कुमा. ही दोघं बंदिस्त वाढलेली म्हणून यांना सोडणार नाहीत, पिल्लं झाली तर ती जंगलात जातील. आधी ताट वाढून मग पाहुणा बोलावला, हे मला आवडलं.

प्रश्न : फारसीत बब्र म्हणतात तो सिंह की वाघ? आमच्याकडे पैज लागलीय. – एक वाचक, वागळे इस्टेट

उत्तर : वाघ. सिंह म्हणजे शीर. हिंदीत येताना घोळ झाला आणि बब्बर शेर म्हणजे सिंह होऊन बसला. पण आपण ठाणेकरांनी कोणाला हसू नये, येऊरला बिबट्या दिसला की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज 'वाघ आला वाघ आला' हाच असतो. पैज किती रुपयांची होती ते कळवा.