वाचकांचे प्रश्न : बॅटरी नवी, तरी ट्रॅक्टर थंडच

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीच्या पुढे आमची रोपवाटिका आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात आम्ही बागकामाचा एक जुना परदेशी ट्रॅक्टर घेतला. त्याला कोहलर कंपनीचे एक सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, चावीचा स्टार्टर आणि १५ अँपिअरची चार्जिंग यंत्रणा आहे. गवत कापण्यासाठी आणि मागे छोटी ट्रॉली जोडून कुंड्या व माती वाहण्यासाठी तो वापरतो. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही त्याचा गंज घासून काढला आणि सर्व भाग सुटे करून संपूर्ण यंत्राला नवा रंग दिला. तेव्हापासून दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. बाहेरून चार्ज केलेली बॅटरी बसवली की चार-सहा दिवस ठीक जातात, नंतर चावी फिरवल्यावर नुसता ‘टक’ असा आवाज येतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावले तर १२.२ व्होल्ट दिसतात. फ्लायव्हीलखालची (इंजिनच्या जड फिरत्या चाकाखालची) कॉइल जळली आहे, ती उतरवून रिवाइंड करावी, म्हणजे तिची तार नव्याने गुंडाळावी लागेल, असे आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियनचे म्हणणे आहे. तसे करावे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : इतक्यात करू नये. इंजिन चालू असताना बॅटरीवर १२.२ व्होल्ट दिसतात याचा अर्थ चार्जिंग होत नाही, एवढे आपल्या इलेक्ट्रिशियनचे म्हणणे बरोबर आहे; परंतु त्यावरून कॉइल जळली असा निष्कर्ष निघत नाही. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य रंगाचे आहे आणि आमचा पहिला संशय त्या रंगावरच आहे.

या इंजिनात फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला लोहचुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्या मध्ये स्थिर राहणारी तांब्याची कॉइल, म्हणजे स्टेटर, असते. फ्लायव्हील फिरले की स्टेटरमध्ये एसी वीज तयार होते, ती दोन वायरींनी बाहेर येते आणि रेग्युलेटर तिचे डीसीमध्ये रूपांतर करून मधल्या टर्मिनलवरून बॅटरीकडे पाठवतो. या रेग्युलेटरला पाहिले तर तीनच पिना दिसतात. ऋण बाजूची वायर कुठेच दिसत नाही, कारण त्याची ॲल्युमिनियमची बॉडी हीच त्याची अर्थिंग असते. ती बॉडी ज्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली आहे, तो पत्रा रंगाच्या जाड थराखाली गेला असेल, तर परतीचा मार्गच तुटतो आणि स्टेटर कितीही चांगला असला तरी बॅटरीपर्यंत काही पोहोचत नाही. सर्व भाग सुटे करून रंगवल्यावर पुन्हा जोडलेल्या यंत्रात हे हमखास घडते. शिवाय खाडीकडून येणाऱ्या दमट, खारट हवेत उरलेसुरले उघडे लोखंडही एका पावसाळ्यात गंजते.

तपासणी पुढील क्रमाने करावी. क्रम बदलू नये, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. प्रथम बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवावी. त्यानंतर तिच्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. स्टार्टर मारताना व्होल्टेज ९.६ च्याही खाली कोसळत असेल, तर बॅटरी गेलेली आहे आणि तिच्यावर पुढची कोणतीही चाचणी करणे व्यर्थ आहे. शिसे-आम्लाची बॅटरी महिनोन्‌महिने अर्धवट चार्ज राहिली की तिच्या प्लेटांवर कडक सल्फेट बसते. आपल्या दोन बॅटऱ्या बहुधा त्यामुळेच गेल्या असाव्यात, त्या बॅटरीवाल्याने खराब माल दिल्यामुळे नव्हे.

बॅटरी ठीक असेल तर ट्रॅक्टर मोकळ्या जागेत उभा करून इंजिन पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे मिनिटाला सुमारे ३६०० फेऱ्यांवर, चालवावे. आपण घेतलेले १२.२ चे माप मंद गतीवर घेतले असेल तर ते फारसे उपयोगाचे नाही. यंत्रणा चांगली असेल तर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसतात. ते दिसले नाहीत, तर एक जाड वायर घेऊन तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे टोक रेग्युलेटरच्या बॉडीवर खरवडून उघड्या केलेल्या धातूला दाबून धरावे. त्याच क्षणी मीटरचा आकडा चौदाकडे चढला, तर दोष सापडला. मग इंजिन बंद करून बॅटरीच्या वायरी सोडाव्यात, रेग्युलेटर काढावा, त्याच्या कानांखालची जागा, पत्र्यावरची जागा आणि बोल्टच्या माथ्याखालचा भाग पॉलिश पेपरने धातू लख्ख दिसेपर्यंत घासावा, दातेरी वॉशर घालून आवळावा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. बॅटरीची ऋण केबल चॅसिसला जिथे जोडली आहे, तिथेही हेच करावे. आम्ही स्वतः असे करून पाहिलेल्या एका यंत्रात बोल्टच्या माथ्याखाली निळ्या रंगाचे कडे जसेच्या तसे निघाले होते, आणि बोल्ट आवळताना कोणालाही काही वेगळे जाणवले नव्हते.

वायर लावूनही फरक पडला नाही, तर इंजिन बंद ठेवून चावी ‘ऑन’ करावी आणि रेग्युलेटरच्या मधल्या टर्मिनलवर बॅटरीएवढे व्होल्टेज येते का ते पाहावे. तिथे व्होल्टेज नसेल तर फ्यूज, चावीचा स्विच किंवा मधली वायर यांत दोष आहे. बऱ्याच ट्रॅक्टरांत ही वायर चावीच्या स्विचमधून जाते आणि स्विचचे आतले संपर्क काळे पडले की इंजिन नीट सुरू होते, चार्जिंग मात्र होत नाही. व्होल्टेज येत असेल, तरच स्टेटरकडे वळावे. त्याच्या दोन्ही वायरी रेग्युलेटरमधून काढाव्यात, एकमेकींना किंवा बॉडीला लागू न देता त्यांच्या दरम्यान एसी व्होल्टमीटर लावावा आणि इंजिन पुन्हा पूर्ण गतीवर न्यावे. २८ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसले तर स्टेटर चांगला आहे, दोष रेग्युलेटरचा आहे आणि फ्लायव्हीलला हात लावण्याचे कारण नाही. आकडा त्याहून बराच कमी आला, तरच आपल्या इलेक्ट्रिशियनचे म्हणणे खरे ठरेल. ओहम मोजून स्टेटरचा निवाडा करू नये. त्याचा रोध ०.१ ते ०.२ ओहम इतका कमी असतो आणि साध्या मल्टिमीटरच्या नुसत्या दोन वायरींचाच रोध तेवढा किंवा त्याहून जास्त भरतो. मीटर एवढेच निश्चित सांगू शकतो की कॉइल कुठे तुटली आहे का आणि ती बॉडीला लागली आहे का.

फ्लायव्हील उतरवायचेच झाले तर पुलर, म्हणजे चाक ओढून काढण्याचे हत्यार, लावून उतरवावे. हातोड्याने ठोकल्यास चुंबक तडकतात.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘डायनॅमो बघण्याची’ आपल्याकडे जी सवय आहे, ती या यंत्रणेत कृपया पाळू नये. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज उसळते आणि चांगला रेग्युलेटर जातो. बॅटरी उलटी जोडली गेली तरी हाच परिणाम होतो. चॅसिसवर वेल्डिंग करायचे असल्यास रेग्युलेटरच्या तिन्ही वायरी आधी काढून ठेवाव्यात.

चार्जिंग सुरू झाल्यानंतरचा प्रश्न वापराचा आहे. समजा, स्टार्टरने चार सेकंद १५० अँपिअर घेतले. १५ अँपिअरच्या चार्जिंगने ते ४० सेकंदांत भरून निघतात. परंतु ती १५ अँपिअर पूर्ण गतीवर मिळतात. कुंड्या वाहताना आपण इंजिन मंद ठेवत असाल, दर दहा मिनिटांनी बंद-चालू करत असाल, आणि पात्यांना विजेचा क्लच असून तो एकटाच साधारण चार अँपिअर खात असेल, तर निरोगी यंत्रणेचीही बॅटरी हळूहळू उतरेल. म्हणून दिवसातून एकदा तरी अर्धा तास इंजिन पुऱ्या थ्रॉटलवर चालू द्यावे.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या बागेतील ट्रॅक्टर याहूनही जुना आहे. स्टार्टर आणि जनरेटर एकच असून तो पट्ट्यावर फिरतो. चार्जिंग कधी होते, कधी होत नाही. मोटारसायकलचा रेग्युलेटर बसवून चालेल का? — एक वाचक, नेरूळ

उत्तर : चालणार नाही. मोटारसायकलचा रेग्युलेटर चुंबकाने तयार झालेल्या एसी विजेसाठी असतो. आपला जनरेटर मुळातच डीसी देतो आणि त्याचा जुना रेग्युलेटर, ज्याला मेकॅनिक ‘कटआउट’ म्हणतात, फील्ड कॉइलमधील (जनरेटरमध्ये चुंबकत्व निर्माण करणाऱ्या कॉइलमधील) प्रवाह कमी-जास्त करून काम भागवतो. चार्जिंग अधूनमधून होते, तेव्हा आधी पट्टा आणि कार्बन ब्रश पाहावेत. ब्रश झिजून आखूड झाले असतील तर बदलावेत. कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता भाग, काळा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करावा, एमरी पेपरने मात्र नाही, कारण त्याचे वाहक कण खाचांत अडकतात. यंत्र डेल्को-रेमी पद्धतीचे, म्हणजे फील्डला रेग्युलेटरमधून अर्थिंग मिळणारे असेल, तर ‘एफ’ (फील्डची) वायर रेग्युलेटरवरून काढून, इंजिन मध्यम गतीवर असताना काही क्षणच बॉडीला टेकवावी. अँपिअरमीटरचा काटा जोरात चढला तर जनरेटर शाबूत आहे आणि कटआउट बदलावा लागेल. पद्धतीची खात्री नसेल तर ही चाचणी करू नये. पट्ट्याची गोष्ट वेगळी : आपल्या यंत्रात तोच पट्टा इंजिन सुरूही करतो, त्यामुळे चावी मारताना तो किंचाळत असेल तर चार्जिंगच्या वेळीही तो घसरत असणार, आणि तो ताणण्यासाठी एक पाना पुरेसा आहे.